रस्सीवरचा सहावा नंबर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी सुट्टी संपली. मी तेव्हा हवालदार होतो, वय एकतीस. आमची कंपनी उत्तरेकडे बर्फात होती आणि परतल्यावर मला सर्वांत वरच्या पोस्टवर जायचं होतं. हुकूम तारेने ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीतल्या घरी आला. आजही मी त्याच घरात राहतो.

निघायच्या आदल्या दिवशी लान्स नाईक डॅनियल साळवे घरी आला. तो आमच्या कंपनीचा सिग्नलर, म्हणजे वायरलेस सेट चालवणारा. गाव नगर जिल्ह्यात, वडील तिथल्या चर्चचे पाळक. त्याचीही सुट्टी संपली होती. त्याची गाडी ग्वाल्हेरवरूनच जात असे, म्हणून एक दिवस उतर, पुढे बरोबर जाऊ, असं मीच त्याला कळवलं होतं.

आईने त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. आईला ते नीट उच्चारता येईना. मग तिने विचारलं, “जेवतोस ना सगळं?”

“सगळं, आई. उरलेलं पण.”

आईचा रेडिओ कित्येक महिने मुका पडला होता. साळवेने दुपारी तो उघडला, नई सडकवर जाऊन तारेचा एक तुकडा आणि डाग द्यायचं सामान आणलं आणि साडेचारच्या सुमाराला रेडिओ बोलू लागला. त्या दिवसापासून आईच्या लेखी तो ‘रेडिओवाला’ झाला. निघताना तिने दोघांना लाडवांचा एकेक डबा दिला. त्याचा डबा थोडा मोठा होता.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून दरवर्षी फौजेतली एखादी आठवण मागतात. मी आजवर लंगरवर, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरावर लिहिलं, खेळांवर लिहिलं, एकदा खेचरांवर लिहिलं. लोकांना खेचरं आवडली. या वर्षी मी साळवेबद्दल लिहितो आहे. याला त्रेचाळीस वर्षं उशीर झाला आहे.

पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. पोस्ट कमांडर नायब सुभेदार पांडुरंग शेलार. त्यांच्याखाली मी. एक सिग्नलर, एक कूक, बाकी शिपाई आणि नाईक. मुख्य बंकरमध्ये सेट आणि त्याच्याशेजारी बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी. भिंतीत एक फळी होती. तिच्यावर गणपती आणि भवानीची तसबीर. साळवेने खोक्याच्या लाकडाचा बोटाएवढा क्रूस करून त्याच फळीच्या कडेला ठेवला होता. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्यापूर्वी सगळे त्या फळीसमोर उभे राहत. साळवेही राहायचा.

शेलार साहेब एकदा त्याला म्हणाले, “रोमन, तू इथे उभा राहतोस. वडील रागावणार नाहीत?”

“मी तुमच्याबरोबर उभा राहतो, साहेब. इथे चिठ्ठी कोण मागतो?”

रोमन हे त्याचं पोस्टवरचं नाव. ते कसं पडलं आणि चिठ्ठी म्हणजे काय, ते सांगतो.

संध्याकाळी चार ते पाच चहाची वेळ. एकदा मी त्याला विचारलं होतं की तुमच्या लोकांकडे सुरुवातीला फौज नव्हती, राजा नव्हता, किल्ला नव्हता. मग रोमच्या बादशाहीत हा धर्म वाढला कसा? प्रश्न शिपायाचा होता. तो म्हणाला, उस्ताद (हवालदाराला जवान असंच म्हणतात), हे एका दिवसात सांगून होणार नाही. मी म्हणालो, आपल्याला इथून कुठे जायचंय?

मग तो रोज थोडं थोडं सांगू लागला आणि सगळे त्याला रोमन म्हणू लागले. सगळं वडिलांकडून ऐकलेलं. त्या लोकांना देऊळ नव्हतं. कोणाच्या तरी घरात, दुकानाच्या वरच्या खोलीत दहावीस जण जमत. विणकर, हमाल, विधवा, गुलाम. मालक आणि गुलाम एका पंगतीला बसत, हे शेजाऱ्यांना फार खटके. एका गावची पत्रं माणसाबरोबर दुसऱ्या गावी जात आणि तिथे मोठ्याने वाचली जात. रस्ते रोमन फौजेने आपल्यासाठी बांधले होते, त्यांच्यावरूनच ही पत्रं गेली. घरात मूर्ती नाही म्हणून लोक त्यांना नास्तिक म्हणत. हे ऐकून बंकरमध्ये बराच वेळ हसू चाललं होतं. शहरात साथ आली की पैसेवाले निघून जात, कधी वैद्यही जात. हे लोक मागे राहत, आजाऱ्याला पाणी पाजत, त्यात त्यांच्यातलेही मरत. बेवारस मेलेल्याला मूठमाती देत. जो आजारी वाचे त्याला पाणी पाजणारा आठवे. साळवेच्या मते धर्म वाढला तो बहुतेक असा.

शिपाई बाबू काकडे म्हणाला, “म्हणजे पाणी पाजून भरती केली.”

“तसंच समज,” साळवे म्हणाला.

चिठ्ठीची गोष्ट त्याने पोस्टवरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगितली. रोमच्या एका बादशहाने हुकूम काढला की सर्वांनी आपल्या देवांपुढे धूप टाकायचा, बळी द्यायचा, प्रसाद खायचा आणि तसं केल्याची अधिकाऱ्याच्या सहीची चिठ्ठी घ्यायची. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही तो तुरुंगात. काही ख्रिस्ती मेले. काहींनी घाबरून धूप टाकला. आणि काहींनी तिसरंच केलं. धूप टाकला नाही, पण ओळखीने चिठ्ठी मिळवली. चिठ्ठीत लिहिलेलं खोटं होतं, सही खरी होती. पुढे तो बादशहा लढाईत मेला, हुकूम गेला. मग हे चिठ्ठीवाले परत आले आणि म्हणाले, आम्हाला आत घ्या.

मी विचारलं, मग घेतलं का?

त्यावरून मोठा वाद झाला, असं तो म्हणाला. काही म्हणाले, कधीच नाही. बहुतेक ठिकाणी असं ठरलं की आधी सर्वांसमोर सांगायचं. मग प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं आणि आत जाणाऱ्यांना म्हणायचं, माझ्यासाठी प्रार्थना करा. वर्षानुवर्षं. तुरुंग भोगून आलेले काही लोक त्यांना माफीची पत्रं लिहून देत. काहींना मरायच्या वेळी आत घेतलं.

मी म्हणालो, “नुसता कागदच होता. त्याने कोणाचं काय बिघडवलं?”

साळवे म्हणाला, “ज्याने कागद घेतला नाही आणि मेला, त्याच्या बायकोशेजारी बसायचं होतं ना त्याला, उस्ताद.”

मी उरलेला चहा प्यायलो. त्या दिवशी एवढंच झालं.

आठवड्यातून एकदा लिंक पेट्रोल जायचं. खालच्या कॅम्पची माणसं अर्ध्या वाटेपर्यंत रॉकेल, औषधं आणि टपाल आणत, आमची तिथून वर आणत. एका रस्सीला सहा माणसं. सहापेक्षा कमी असतील तर पेट्रोल रद्द, असा कायमचा हुकूम होता. नावांची यादी आदल्या संध्याकाळी ठरायची आणि सकाळी निघताना सेटवरून खाली वाचली जायची. वाटेत एक उतार होता. सकाळी पावणेआठला त्याच्यावर ऊन यायचं. त्याआधी तो ओलांडायचा, म्हणून निघायची वेळ साडेसहा.

त्या सकाळी यादीत तिसऱ्या नंबरवर शेलार साहेब स्वतः होते आणि सहाव्या नंबरवर माझं नाव होतं. रॉकेल दोन दिवसांचं उरलं होतं. तीन दिवसांपूर्वी मी सेंट्रीला, म्हणजे पहाऱ्यावर, उभा असताना त्या उताराच्या कडेचा बर्फाचा एक लहान पट्टा आवाज न करता खाली घसरलेला पाहिला होता. मी साहेबांना रिपोर्ट केला. त्यांनी दुर्बिणीने पाहिलं आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत एक फेरी काढायची असं ठरवलं. निर्णय चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच घेतला असता.

सकाळी सहा वीसला मी बूट घालायचा थांबलो आणि डोकं दुखतंय म्हणालो.

उंचीवर डोकेदुखी कोणी खोटी धरत नाही. तिथे ती जीवघेण्या आजाराची पहिली खूण असते. डोकं दुखणाऱ्याला रस्सीवर घेत नाहीत, त्याला प्रश्न विचारत नाहीत, चेष्टा करत नाहीत. या नियमाने अनेकांचे जीव वाचले आहेत. मी आधी कधी तो वापरला नव्हता. त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं.

शेलार साहेबांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारली आणि झोपायला सांगितलं. पाच माणसं उरली. तीन सेंट्री हलवता येत नव्हते, कूक पन्नाशीला आलेला. बंकरमध्ये आम्ही तिघंच होतो, साहेब, साळवे आणि मी. बाकीचे बाहेर रस्सी बांधत होते.

साळवे म्हणाला, “साहेब, मी जातो. सेटवर उस्ताद बसतील, बसून बोलता येईल त्यांना.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सिग्नलरने सेट सोडायचा नाही हाही हुकूमच. खाली परवानगी मागितली तर तासभर जाणार, मग ऊन येणार. ते म्हणाले, “चल, साळवे. पट्टा बांध. जगदाळे, यादी आहे तीच वाच. बदल संध्याकाळच्या रिपोर्टला देऊ.”

हा हुकूम त्यांनी दिला. मी ऐकला. साळवे आणि मी सोडून ऐकणारा तिसरा माणूस नव्हता.

साळवेने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. बुखारीवरच्या भांड्यातलं कोमट पाणी मगमध्ये ओतून माझ्या हातात दिलं. “थोडं थोडं प्या, उस्ताद,” म्हणाला. मग फळीसमोर क्षणभर उभा राहिला आणि गेला. या सगळ्यात वीस मिनिटं गेली होती.

सहा पन्नासला मी खाली नावं वाचली. एक ते पाच बरोबर. सहावं नाव माझंच वाचलं. खालून विचारलं, सेटवर कोण?

“ऑपरेटर,” मी म्हणालो.

सात पंचावन्नला आवाज झाला. आवाज मोठा नव्हता, जड होता. बुखारीवरचं झाकण हललं. बाहेर सेंट्री ओरडला. मी बाहेर येऊन पाहिलं तर उतारावर रस्सी नव्हती. पुढची दोन माणसं पलीकडच्या खडकाशी दिसत होती. मी परत येऊन सेट उचलला.

“उतार घसरला. पेट्रोल बर्फाखाली. मदत पाठवा. ओव्हर.”

“रस्सीवर कोण कोण? नावं सांगा. ओव्हर.”

मी पुन्हा यादी वाचली. पाच नावं वाचली आणि थांबलो.

“सहा नंबर हवालदार जगदाळे. बरोबर? ओव्हर.”

मी सेटचं बटण दाबलं आणि सोडलं.

“पोस्टवर सीनियर कोण आहे? ओव्हर.”

“हवालदार जगदाळे, सर.”

“जगदाळे रस्सीवर आहे.”

“नाही, सर. रस्सीवर साळवे आहे. सिग्नलर.”

“कोणाच्या हुकमाने?”

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं. ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का. मग डोकेदुखी. मग डॉक्टर.

“मला माहीत नाही, सर.”

हेच ते वाक्य. सकाळी आठच्या सुमाराला, बुखारीच्या शेजारी, हातात त्याने दिलेला मग असताना.

सेंट्री आणि कूक घेऊन मी खणायला गेलो. खालची माणसं अकरा दहाला पोहोचली. रस्सी दोन आणि तीन नंबरच्या मध्ये तुटली होती. पहिले दोघं जिवंत होते. त्यांतल्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “उस्ताद, तुम्ही तर मागे होता.” चष्मे, टोप्या आणि पांढऱ्या सूटमध्ये सगळे सारखे दिसतात. मागे कोण बांधला गेला ते त्यांनी पाहिलं नव्हतं. बाकीचे चार जण दुपारपर्यंत मिळाले, कोणीही जिवंत नव्हतं. साळवे सर्वांत शेवटी, दोन वाजता. त्याची गाठ नीट बांधलेली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, मी सांगितलं की मी आजारी होतो, गुंगीत होतो, शुद्ध आली तेव्हा सेट रिकामा होता. सहा पन्नासचा रिपोर्ट ऑपरेटरने दिला असं खालच्या लॉगमध्ये होतंच, तो ऑपरेटर म्हणजे साळवे असं सगळ्यांनी धरलं. अध्यक्षांनी विचारलं की नायब सुभेदारांनी साळवेला जायचा हुकूम दिला होता का. मी म्हणालो, मी ऐकला नाही. मग सही केली. सही खरी होती.

त्या काळात मी स्वतःला सांगत असे की मी शेलार साहेबांचं नाव वाचवलं. विनापरवानगी सिग्नलर हलवल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता. त्यांची मुलं लहान होती. दोघंही गेलेले, एकाच्या माथी चूक जायचीच होती. तिसरा जिवंत आहे, हे मी त्या हिशेबात घेत नसे.

निष्कर्ष असा निघाला की लान्स नाईक साळवेने हुकमाशिवाय आपली जागा सोडली. युनिटच्या लाइन्समध्ये, म्हणजे बराकींच्या आवारात, पुढे स्मारकाचा दगड बसवला, त्यावर चौघांपैकी तीनच नावं कोरली. मी त्या परेडला हजर होतो.

तीन महिन्यांनी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. अक्षर सुवाच्य होतं. लिहिलं होतं, “माझा मुलगा जागा सोडणारा नव्हता. तुम्ही त्याच्याबरोबर होतात, तुमच्या आईंच्या हातचं तो जेवला होता. जे खरं असेल ते कळवा, वाईट असलं तरी चालेल.” मी उत्तर दिलं नाही. पत्र ट्रंकेत ठेवलं. ते त्रेचाळीस वर्षं तिथेच राहिलं.

सुट्टीवर आलो तेव्हा आईने विचारलं, तुझा रेडिओवाला काय म्हणतो? मी म्हणालो, बदली झाली. तो रेडिओ तिने आणखी अकरा वर्षं ऐकला. दर सुट्टीत एकदा तरी ती विचारायची. मी दर वेळी नवीन गाव सांगायचो.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. महाराज बाड्याजवळ एका दुकानात बरीच वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर होतो. मंडळ दरवर्षी सैनिकांच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बसवतं, शाल देतं. अशा पुष्कळ शाली झाल्या आहेत.

माझी सून कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होती. विषय होता रोमन साम्राज्यातला ख्रिस्ती धर्माचा उदय. ती स्वतःशीच म्हणाली, “बघा, सगळ्यांनी सर्टिफिकेटवालं लिहिलंय, पण आगे क्या हुआ, किसी ने नहीं लिखा.”

मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो की त्यांना आधी सर्वांसमोर सांगावं लागायचं, मग दाराबाहेर उभं राहावं लागायचं.

तिने चष्मा काढला. “बाबा, ये आपको किसने बताया?”

“साळवेने.”

“कोण साळवे?”

या घरात ते नाव त्रेचाळीस वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं आणि आता ती नाही. मी सुनेला सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. मध्ये तिने एकदाच विचारलं, “डोकं खरंच दुखत नव्हतं?” मी नाही म्हणालो. ती उठली, तिने उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या आणि कोरे कागद आणले. “तुम्ही बोला, मैं लिखती हूँ,” म्हणाली. मी म्हणालो, नको, माझ्याच हाताने लिहायला हवं.

ते निवेदन मी नोटरीकडे सही करून रेकॉर्ड ऑफिसला आणि रेजिमेंटल सेंटरला पाठवलं. त्यात तीन गोष्टी आहेत. माझी डोकेदुखी खोटी होती. साळवेला जायचा हुकूम पोस्ट कमांडरने दिला होता. कोर्टासमोरचा माझा जबाब खोटा होता. दगडावर त्याचं नाव कोरावं अशी विनंती केली आहे. निवेदन मिळाल्याची पोच आली, प्रकरण विचाराधीन आहे. माझं वय चौऱ्याहत्तर. रेकॉर्डमध्ये माझ्याविरुद्ध जे लिहायचं असेल ते त्यांनी लिहावं.

शेलार साहेबांच्या मुलालाही मी कळवलं. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हुकूम दिला असेल तर दिला असं लिहा.

साळवेचे वडील केव्हाच वारले. त्याची धाकटी बहीण रूथताई गावातच असते, शाळेतून निवृत्त झाली आहे. मी तिला तेच निवेदन आणि तिच्या वडिलांचं पत्र पाठवलं. जुन्या गोष्टीतल्या लोकांसारखी माफीची चिठ्ठी मी तिच्याकडे मागितली नाही. दीड महिन्याने तिचं उत्तर आलं. चार ओळी आहेत.

“पत्र मिळालं. चर्चमध्ये सर्वांसमोर वाचून दाखवलं. नंतर बाबांच्या कबरीपाशी पुन्हा एकदा वाचलं. तुम्हाला काय लिहावं ते मला अजून कळलेलं नाही.”

या वर्षीच्या कार्यक्रमाला मी येईन. स्टेजवर बसणार नाही, शाल घेणार नाही. दाराशी उभा राहीन. पाय दुखले तरी खुर्ची आणू नये, ही विनंती. दगडावर अजून तीनच नावं आहेत, म्हणून त्या सकाळी गेलेल्या चौघांची नावं मी इथे रस्सीच्या क्रमाने लिहितो. ही यादी मी सेटवरून दोनदा वाचली, पहिल्यांदा ती चुकीची होती आणि दुसऱ्यांदा अर्धवट.

नंबर तीन, नायब सुभेदार पांडुरंग शेलार.

नंबर चार, शिपाई बाबू काकडे.

नंबर पाच, शिपाई गणपत लाड.

नंबर सहा, लान्स नाईक डॅनियल साळवे. हुकमाने.

सुभेदार दिनकर जगदाळे (निवृत्त)
शिंदे की छावनी, ग्वाल्हेर